विहिरीपासून चौदा पावलं

सत्यशीलाबाईंशी वाद घालायचा असेल तर आधी त्यांच्या शेजारी कामाला बसावं लागतं. रिकाम्या हातांनी समोर उभं राहून बोलणाऱ्याचं त्या ऐकून घेत नाहीत. तीस वर्षं जंगल खात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर मातीच्या पिशव्या भरल्या, तिथली ही सवय. मुकादम कितीही तणतणला तरी हातातली पिशवी भरायची, दोनदा आपटायची, रांगेत ठेवायची आणि मगच मान वर करून ‘काय म्हणता भाऊ’ असं विचारायचं. तोवर मुकादमाचा राग निम्मा झालेला असे. आता साठी उलटली, रोपवाटिका सुटली, उजवा गुडघा कुरकुरतो, पण मान वर करायची पद्धत काही बदललेली नाही.

सून नंदिनीला हे कळायला लग्नानंतरचे सहा महिने लागले. त्यानंतर सासूबाईंशी भांडायचं असलं की ती आधी वालाच्या शेंगा सोलायला घ्यायची.

बोडीटोला हे त्यांचं गाव चामोर्शीहून मार्कंड्याकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत आहे, आणि त्यांचं घर गावाच्या अगदी शेवटाला. घरामागे सांदवाडी. परसातल्या भाजीपाल्याच्या जागेला इकडे सांदवाडीच म्हणतात. तीत वांगी, वाल, कोपऱ्यात एक जुना मोह, मधोमध विहीर आणि विहिरीपलीकडे नाला. पावसाळा सोडला तर नाला गरीब दिसतो, बकऱ्या तो उड्या मारत ओलांडतात. त्याच्या गरीबपणावर सत्यशीलाबाईंचा काडीचा विश्वास नाही.

विहीर त्यांनी आणि नवऱ्यानं, लहानूनं, मिळून खणली, लग्नानंतर सातव्या वर्षी. तेव्हा गावच्या विहिरीवर बौद्ध घरांच्या घागरी सगळ्यांच्या नंतर लागायच्या. नियम म्हणून कुणी सांगत नसे, रांग आपोआप तशी लागायची. लहानू भांडखोर नव्हता. एका उन्हाळ्यात बायको भरदुपारी रिकामी घागर घेऊन परतताना त्यानं पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन तो स्वतःच्या सांदवाडीत उतरला. तीन उन्हाळे तो खाली आणि सत्यशीलाबाई वर, दोरानं मातीचं टोपलं ओढत. पाणी लागलं तेव्हा लहानूनं खालून हाक मारून सांगितलं नाही, टोपल्यात नुसता ओला चिखल भरून वर पाठवला. लहानूला जाऊन आता नऊ वर्षं झाली. चैत्र-वैशाखात शेजारच्या देवकाबाईंच्या घागरीही याच विहिरीवर लागतात, आणि सत्यशीलाबाई कुणालाच रांगेत उभं करत नाहीत.

तर या विहिरीकडे नाला सरकत होता. दर पावसाळ्यात काठाचा एक घास जायचा. पूर ओसरला की सत्यशीलाबाई विहिरीच्या कट्ट्याला टाच टेकवायच्या आणि टाचेला अंगठा लावत काठापर्यंत पावलं मोजायच्या. आकडा खिळ्यानं कट्ट्यावर कोरायच्या. एकतीस, सत्तावीस, पंचवीस, वीस. गेल्या वर्षी जुलैच्या पुरात लिंबाचं झाड मुळासकट गेलं आणि कट्ट्यावर चौदा लिहावे लागले. वीसवरून चौदा, म्हणजे आणखी दोन पावसाळे, फार तर तीन.

आता लगेच काठाला काहीतरी लावलं पाहिजे, इथपर्यंत घरात सगळ्यांचं एकमत होतं. भांडण सुरू झालं ते काय लावायचं यावरून.

“कण्हेर लावू ना, आई,” नंदिनी म्हणाली. अर्थातच हातात शेंगा होत्या. “माह्या माहेरी कुंपणाले कण्हेरच हाय. पाणी मागत नाई, बकरी तोंड लावत नाई, अन् बारा महिने फुलं.”

“वाळा लावाचा,” सत्यशीलाबाई म्हणाल्या.

“वाळा म्हणजे कूलरच्या ताटीतला? ते तर गवत हाय.”

“गवतच हाय.”

“गवत आपण उपटून फेकतो, आई. लावत नाई कोणी.”

नंदिनीची अडचण निव्वळ हौसेची नव्हती, हे इथेच सांगितलं पाहिजे. नाल्याच्या पलीकडून दोन वर्षांपूर्वी डांबरी रस्ता झाला. या घरची न्हाणी म्हणजे सांदवाडीत उभे केलेले चार तट्टे, तेही नाल्याकडून अर्धे. रस्त्यावरून मोटारसायकली जायला लागल्यापासून नंदिनी पहाटे उजाडण्याआधी आंघोळ उरकायची, आणि एखाद्या दिवशी उशीर झाला तर अंगावर लुगडं ठेवून दोन तांबे ओतून घ्यायची. तिला काठावर हिरवी भिंत हवी होती. कण्हेर ती देते. तिनं हे सासूला कधी तोंडानं सांगितलं नव्हतं, आणि सत्यशीलाबाईंनी मातीकडे बघण्याच्या नादात ते पाहिलं नव्हतं.

मुलगा कुलदीप बल्लारपूरकडे एका खाणीत कंत्राटी कामाला आहे. शनिवारी संध्याकाळी येतो, सोमवारी पहाटे जातो. त्याला मध्ये घ्यायचा प्रयत्न दोघींनीही केला. तो शहाणा, त्यानं मोटारसायकल धुवायला काढली. शेवटी सत्यशीलाबाईंनीच तोडगा काढला, रोपवाटिकेतला. तिथं कोणतं रोप कोणत्या मातीत तगतं हे ठरवायचं तर साहेब लोक बोलत बसत नसत, दोन वाफे करून बघत. सांदवाडीची नाल्याकडची कड वीस हातांची. विहिरीच्या कट्ट्यापासून काठापर्यंत त्यांनी सरळ सुतळी ताणली, टोकाला खुंटी ठोकली. डावीकडचे दहा हात वाळा, उजवीकडचे दहा हात कण्हेर. दोन्हीकडे सारख्याच बादल्या पाणी, आणि एकीनं दुसरीच्या वाफ्याला हात लावायचा नाही.

“अन् कोण जिंकलं हे ठरवन कोण?” नंदिनीनं विचारलं.

“नाला,” सत्यशीलाबाई म्हणाल्या.

नंदिनीनं माहेरून कमरेएवढी रोपं आणली, गुलाबी फुलांची. सत्यशीलाबाईंनी तिला सब्बल दिली आणि नाल्याच्या काठाकाठानं वरच्या वळणापर्यंत नेलं. तिथं एका काळ्या खडकाच्या बेचक्यात वाळ्याचं एकच थोराड बेट उभं होतं, पुरुषभर उंच. आजूबाजूला सगळा उघडा काठ.

“एवढंच काऊन हाय इथी?” नंदिनीनं विचारलं.

सत्यशीलाबाई बेटाच्या बुडाशी बसल्या, सब्बल लावली आणि मग बोलल्या. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा या नाल्याचे दोन्ही काठ वाळ्यानं भरलेले होते. उन्हाळा लागला की चंद्रपूरकडून ट्रक यायचा आणि वाळ्याच्या मुळ्या घेऊन जायचा, कूलरच्या ताट्यांसाठी. सासूनं नव्या सुनेला शिकवलेलं पहिलं काम तेच. सगळं गाव खणायचं. मुळी लांब हवी म्हणून बेट पूर्ण उपटायचं, आणि फुटवा परत मातीत खोचायची पद्धत कुणाची नव्हती, कारण वाळा काय, आहेच. चार-पाच उन्हाळ्यांत काठ मोकळा झाला. ट्रक दुसऱ्या नाल्याकडे गेला. पुढं कितीतरी वर्षांनी रोपवाटिकेतल्या एका घळीवर साहेबांनी वाळा लावून घेतला, माती धरून ठेवतो म्हणून, तेव्हा सत्यशीलाबाईंच्या डोक्यात उजेड पडला. नाल्याचा काठ आपणच उघडा केला, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पण तेव्हा विहीर काठापासून लांब होती, आणि लांबचं दुखणं माणूस उद्यावर ढकलतो.

“हे बेट वाचलं, कारण खडकात माही सब्बल गेली नाई,” त्या म्हणाल्या. “वाचवलं नाई मी. जमलं नाई म्हणून राह्यलं.”

सत्यशीलाबाईंनी बेट निम्मं फोडलं, निम्मं तसंच ठेवलं आणि चाळीस फुटवे ओल्या पोत्यात गुंडाळून घरी आणले. त्याच दिवशी काठाला दोन ओळींत लावले.

पहिले आठ महिने कण्हेरीचे होते. दिवाळीपर्यंत ती छातीला आली, फांद्या एकमेकींत गुंतल्या, आणि महाशिवरात्रीच्या आधी अशी फुलली की रस्त्यावरचे लोक गाडी हळू करून बघायचे. देवकाबाई ढिवर समाजाच्या, नवरा तळ्यात जाळं टाकणारा, आणि त्या स्वतः दरवर्षी मार्कंड्याच्या जत्रेला न चुकता जाणाऱ्या. त्यांनी महादेवाला वाहायला टोपलीभर फुलं नेली आणि येताना नंदिनीला बांगड्या आणल्या. गुरुवारी विहारात वंदनेला जाताना सत्यशीलाबाईंनाही नंदिनी दोन फुलं हातात द्यायची, मुद्दाम. त्या ती घ्यायच्या आणि बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायच्या. फुलांशी त्यांचं वैर नव्हतं.

वाळा मात्र दिसायला काहीच नव्हता. गवत ते गवत. देवकाबाईंच्या बकऱ्यांनी एकदा कोवळे शेंडे साफ केले तेव्हा देवकाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “सत्याबाई, माह्या बकऱ्याईचं नशीब उघडलं तुमच्या हातानं.” कुलदीप येता-जाता ‘माय, तुहं धान कधी कापाचं’ असं विचारायचा. सत्यशीलाबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि रोज ठरलेल्या बादल्या ओतायच्या. एक दिवस त्यांनी ओळीच्या टोकाचा एक फुटवा हळूच बाजूनं उकरून पाहिला. कोपरापर्यंत हात गेला तरी मुळी खालीच चालली होती. त्यांनी खड्डा बुजवला आणि घरात कुणाला सांगितलं नाही.

मग मार्च आला, आणि चूक झाली. चूक नाल्याची नव्हती, बकऱ्यांची नव्हती, सत्यशीलाबाईंची स्वतःची होती.

मोहफुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करायची ही इकडच्या घराघरातली रीत. काळ्या स्वच्छ जमिनीवर पिवळी फुलं पटकन दिसतात, वेचायला सोपी जातात. सत्यशीलाबाई हे लहानपणापासून करत आलेल्या. आग पसरू नये म्हणून आधी झाडाभोवती खराट्यानं पट्टी झाडून घ्यायची. त्यांनी घेतली, तीन बाजूंनी. चौथी बाजू नाल्याची. तिकडं इतकी वर्षं जळण्यासारखं काही नव्हतंच, उघडी माती आणि खाली पाणी, म्हणून तिकडची पट्टी त्यांच्या हाताला माहीतच नव्हती. हातानं नेहमीचं काम केलं. आणि मार्च महिन्यात वाळ्याची पात किती वाळलेली असते हे ज्या बाईला अख्ख्या गावात सगळ्यांहून जास्त ठाऊक, तिनंच काडी ओढली.

वारा फारसा नव्हता, पण वाळ्याला वाऱ्याची गरज पडली नाही. दोन ओळी बघता बघता गेल्या. तिथून ज्वाळा कण्हेरीत शिरल्या. नंदिनी घरातून बादली घेऊन धावली, तेव्हा सत्यशीलाबाई ओरडल्या, “मागं हो. कण्हेरीचा धूर नाकात नोको जाऊ देऊ, इखारी हाय तो.” देवकाबाईही आल्या. तिघींनी मिळून विहिरीच्या पाण्यानं आग विझवली तोवर डावीकडे काळे ठिपके उरले होते आणि उजवीकडे पानं करपलेले दांडे. पलीकडचा रस्ता पहिल्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसत होता.

नंदिनी तिथंच उभी राहिली. मग न्हाणीकडे बघून म्हणाली, “आता मी आंघोळ कुठी करू, आई?”

तेव्हा कुठे सत्यशीलाबाईंच्या लक्षात आलं की ही मुलगी आठ महिने कण्हेरीला पाणी कशासाठी घालत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, आगीच्या लाजेहून जास्त.

“माही चूक झाली,” त्या म्हणाल्या. “तुले इचारलंही नाई मी कधी.”

नंदिनी दोन दिवस कामापुरतं बोलली. सत्यशीलाबाईंनी त्याच संध्याकाळी बांबू रोवले आणि न्हाणीच्या नाल्याकडच्या बाजूला आपली दोन जुनी नऊवारी लुगडी दुहेरी करून ताणून बांधली, वरून खालपर्यंत, गाठी ओढून बघून. दुसऱ्या दिवशी करपलेली कण्हेर त्यांनीच गुडघ्याएवढी छाटली. वाफ्याला हात न लावण्याचा करार मोडत होता, पण नंदिनीनं हरकत घेतली नाही.

शनिवारी कुलदीप आला, रविवारी सकाळी त्यानं काठ पाहिला आणि सब्बल खांद्यावर घेतली.

“माय, हे काळं सगळं काढून टाकतो. पावसाच्या आधी पूर्ण काठाले कण्हेर लावू. कण्हेरीले निदान खोड तरी हाय.”

सत्यशीलाबाई वाळ्याच्या ओळीत जाऊन बसल्या, राखेतच. “वरचं जळालं. खालचं नाई.”

“तुले काय दिसते खालचं?”

“तीस वर्षं माती पाह्यली म्या. तुह्या बापानं पाणी दिसाच्या आधी तीन उन्हाळे खणलं. मले तीन आठवडे दे.”

“अन् नाई फुटलं त?”

“त मीच खणून काढीन, अन् तुह्या हातानं कण्हेर लावून घेईन. पण आज सब्बल लागणार नाई इथी.”

कुलदीपला आईच्या आवाजातला हा सूर ओळखीचा होता. त्यानं सब्बल भिंतीला लावली. सोमवारी पहाटे जाताना मात्र बायकोला म्हणाला की आईचा गुडघा बघ, पाणी ओढू देऊ नको.

ते कोण ऐकणार. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलेलं, प्रत्येक बादली दोन हात जास्त दोर खायची. सत्यशीलाबाई आधी कण्हेरीला पाणी घालायच्या, कारण ती त्यांनी जाळली होती, आणि मग वाळ्याला, कारण तोही त्यांनीच जाळला होता. दिवसा त्या ठामपणे सांगायच्या की मुळ्या जिवंत आहेत. मनात मात्र धाकधूक होती. जुन्या बेटाचं काही बिघडत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. आठ महिन्यांच्या फुटव्यांचं काय होतं, ते पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दोर ओढता ओढता गुडघा लचकला आणि त्या कट्ट्याला धरून उभ्या राहिल्या. नंदिनी आली, त्यांच्या हातातून दोर घेतला आणि बादली वर काढली.

“कुठी ओतू?”

“आधी तुह्या कण्हेरीले.”

“तिले झालं,” नंदिनी म्हणाली आणि बादली वाळ्याच्या काळ्या ठिपक्यांवर ओतली. त्यानंतर पाणी तीच घालू लागली. तिचा वाळ्यावर विश्वास बसला होता असं नाही. पण म्हातारीची ही जिद्द बघून तिला गप्प बसवेना.

बाराव्या दिवशी तीच सकाळी बादली तशीच ठेवून घरात आली. “आई, चला पाहाले.”

राखेतून सुईएवढी हिरवी टोकं वर आली होती. एका ठिपक्यातून चार, दुसऱ्यातून सात. सत्यशीलाबाईंनी वाकून सगळी ओळ तपासली. चाळीसपैकी तीन गेले होते, बाकी सगळे जिवंत. त्या दिवशी त्यांनी अंड्याचा रस्सा केला आणि देवकाबाईंकडे वाटी पाठवली. कण्हेरही फुटली, जरा उशिरा. न्हाणीवरची लुगडी मात्र तशीच राहिली.

जूनपर्यंत वाळा जळण्याआधीपेक्षा दाट झाला. जुनी पात जळून गेल्यानं बुंध्यात मोकळी हवा गेली होती.

ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली. वैनगंगा फुगली की ती नाल्याचं पाणी आत घेत नाही, नाला उलटा भरत येतो. दुसऱ्या दिवशी पाणी काठाला टेकलं, तिसऱ्या दिवशी सांदवाडीत शिरलं आणि वांग्याच्या ओळी बुडाल्या. देवकाबाई म्हणाल्या, काठ तर जागेवर आहे, जिंकल्या तुम्ही दोघीही. सत्यशीलाबाईंनी मान हलवली. पूर चढताना माती नेत नाही, उतरताना नेतो, हे त्या सहा वर्षं बघत होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी नदी उतरू लागली आणि नाला मोकळा सुटला. दोघी विहिरीच्या कट्ट्याला टेकून उभ्या होत्या. पाणी तांबडं, आवाज घशातून आल्यासारखा. वाळा पाण्यानं पार आडवा झोपवला होता, पात काठावर अशी पसरली होती की खालची माती दिसत नव्हती. कण्हेर मात्र ताठ उभी होती, छातीएवढी, दोन-चार फुलंही होती. क्षणभर सत्यशीलाबाईंनाही वाटलं की पोरगी जिंकते की काय.

मग कण्हेरीच्या मागच्या बाजूला जमिनीत एक भेग दिसली, बोटभर. ती बघता बघता वीतभर झाली. नंदिनी पुढं झेपावली, झुडपं धरायला. सत्यशीलाबाईंनी तिचा दंड असा पकडला की चार दिवस वळ राहिला.

“राहू दे. झाड मिळते पुन्हा.”

अख्खं ढेकूळ एकदम गेलं. सहा झुडपं उभीच्या उभी, फुलांसकट, नाल्यात उतरली आणि वाहू लागली. कड सुतळीच्या खुंटीपर्यंत तुटत आली. तिथं वाळ्याचा पहिला बुंधा होता. तिथं ती थांबली. तुटलेल्या मातीत वाळ्याच्या मुळ्या लोंबताना दिसत होत्या, हातभर, दोन हात, त्याहून खाली, आणि त्यांच्यात माती अडकून राहिली होती. पाणी दुपारपर्यंत त्या कोपऱ्याला धडका देत होतं. खुंटी हलली नाही.

दोन दिवसांनी चिखल सुकला. कुलदीप आलेला होता. सत्यशीलाबाई नेहमीप्रमाणे मोजायला निघाल्या, पण गुडघा वाकेना.

“मी मोजू, आई?” नंदिनी म्हणाली. टाच कट्ट्याला लावून ती सुतळीच्या बाजूनं वाळ्यापर्यंत गेली. “सोळा.”

“तुह्या पायाचे सोळा. कट्ट्यावर माह्या पायाचे आकडे हायेत.” त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक पाऊल टाकू लागल्या. गुडघा दुखत होता, पण टाच आणि अंगठा त्यांनी कुठेही सुटू दिला नाही. चौदा. त्या काठाशी उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “पुन्हा मोजू.” पुन्हा चौदा.

सहा वर्षांत पहिल्यांदाच आकडा खाली गेला नव्हता. सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानू गेला तेव्हा त्या रडल्या होत्या, त्यानंतर आजच. कुलदीप दुसरीकडे बघू लागला.

नंदिनीनं खिळा घेतला आणि कट्ट्यावर चौदाच्या खाली चौदा कोरले. मग कुणी न सांगता कण्हेरीच्या बाजूनं सासूला धरून चालवत नेलं आणि तिकडचा आकडाही शेजारी कोरला. नऊ.

“ते कायले लिहून राह्यली?” सत्यशीलाबाईंनी विचारलं.

“तेही खरंच हाय ना.”

वाचलेल्या कण्हेरी कुठे हलवायच्या हे सत्यशीलाबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं. काठापासून दूर, न्हाणीला लागून, रस्त्याच्या बाजूनं दाट. कुलदीपनं दुपारपर्यंत त्या लावल्या आणि मगच लुगडी सुटली. नंदिनीनं ती धुऊन, घडी घालून सासूच्या पेटीत ठेवली.

मग तिनं भिंतीला लावलेली सब्बल घेतली आणि वाळ्याच्या ओळीपाशी गेली. उजवीकडचा उघडा काठ भरायचा होता. सगळ्यात दाट बेटाच्या बुडाशी तिनं टोक लावलं आणि मागं वळून विचारलं, “आई, हे पूर्ण काढू?”

सत्यशीलाबाई कट्ट्यावर फुटव्यांची पात छाटत बसल्या होत्या. हातातला फुटवा छाटून त्यांनी ओल्या पोत्यावर ठेवला आणि मग मान वर केली.

“अर्धं,” त्या म्हणाल्या. “पूर्ण काढून आम्ही पाह्यलं एकदा.”